शाफ्टचा बुश दर हंगामात झिजतो, होडीचा मागचा भाग थरथरतो: पंखा आणि तळ यांमधील अंतर कसे तपासावे

कोकण किनाऱ्यावरील लाकडी आणि फायबरच्या ट्रॉलरांमध्ये, म्हणजे जाळे ओढून मासेमारी करणाऱ्या होड्यांमध्ये, एक तक्रार वर्षानुवर्षे त्याच क्रमाने येते. पावसाळी बंदी संपून होडी पाण्यात उतरते तेव्हा सारे ठीक असते. दिवाळीच्या सुमारास केबिनमधील भांडी वाजू लागतात, मागच्या डेकवर उभे राहिले की तळपायांना थरथर जाणवते, ग्लँडमधून (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या सांध्यातून) थेंबाथेंबाने येणाऱ्या पाण्याची धार लागते आणि होळीपर्यंत शाफ्टचा, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश (दांडा ज्यात टेकून फिरतो ती नळी) इतका झिजतो की तो बदलल्यावाचून गत्यंतर उरत नाही. मग बुश बदलला जातो, शाफ्ट लेथवर चढवून तपासला जातो, इंजिनाखालचे रबर नवे येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते. ज्या होडीत हे चक्र एकापेक्षा अधिक वेळा फिरले आहे, तिच्यासाठी आणखी एक बुश विकत घेण्यापूर्वी पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्याचे टोक आणि त्याच्या वरचा तळ यांमधील अंतर मोजून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा होड्यांत बुशाची झीज हा बहुधा परिणाम असतो. खरे कारण त्याच्या हातभर मागे, पात्याच्या टोकाशी असते.

हे अंतर कमी कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. होडी बांधली जाते तेव्हा सुताराने पंख्याची पोकळी त्या वेळच्या इंजिनाच्या मानाने सोडलेली असते. काही वर्षांनी जास्त अश्वशक्तीचे इंजिन येते, जाळे ओढायला ताकद हवी म्हणून पोकळीत मावेल तितका मोठा पंखा बसवला जातो, आणि पंखा हाताने फिरवल्यावर कोठे घासत नाही एवढे पाहून काम पुरे झाले असे मानले जाते. परंतु न घासणे ही फार अपुरी कसोटी आहे. पाण्याला तेथून वाहायला जागा लागते, आणि पात्याभोवतीचा दाब तळापर्यंत पोहोचण्याआधी विरण्यासाठीही जागा लागते.

अंतर अपुरे असल्यावर काय घडते

फिरणाऱ्या पात्याच्या एका अंगाला पाण्याचा दाब वाढतो आणि दुसऱ्या अंगाला तो घटतो. हे दाबाचे क्षेत्र पात्याबरोबरच फिरत असते. त्यामुळे टोक तळाखालून जाते तेव्हा तळाच्या फळीला आधी एक ढकल आणि लगेच एक ओढ मिळते. इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल आणि गिअर तीनास एक असेल, तर शाफ्टचे मिनिटाला 600, म्हणजे सेकंदाला 10 फेरे होतात. पंख्याला तीन पाती असतील तर तळाला सेकंदाला 30 धक्के बसतात, आणि दहा तास जाळे ओढले तर ही संख्या दहा लाखांच्या पलीकडे जाते. एकेक धक्का क्षुल्लक असला तरी तो एकाच हातभर जागेवर बसत राहतो. लाकडी होडीत तेथील फळ्यांच्या सांध्यांमधला कापूस आणि लांबी (फटी भरण्याचा लगदा) सैल होते, खिळे हलू लागतात, आणि फायबरच्या होडीत थर एकमेकांपासून सुटू लागतात.

बुशाचा संबंध येथेच येतो. पंख्याच्या पुढे स्टर्नपोस्टचा जाड खांब असतो आणि त्याच्या आडोशाला पाणी मंद असते. पाते या मंद पाण्यातून जाताना त्याच्यावरचा भार एकाएकी वाढतो आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा उतरतो. वरचा आणि खालचा भार असा सतत असमान राहिल्याने शाफ्टचे मागचे टोक वाकवले जाते, सोडले जाते, पुन्हा वाकवले जाते. हा मार शेवटचा बुश खातो. पंखा खांबाच्या जितका जवळ, तितका मंद पाण्याचा पट्टा अरुंद आणि तीव्र असतो. म्हणून तळापासूनचे अंतर पाहताना खांबापासूनचे अंतर पाहायला विसरू नये. माझ्या मते लाकडी ट्रॉलरांत हे दुसरे अंतर अनेकदा अधिक त्रासदायक ठरते, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

तिसरी गोष्ट कॅव्हिटेशनची. पात्याच्या ओढणाऱ्या, म्हणजे दाब घटणाऱ्या, अंगावर दाब फार खाली गेला की पाणी तेथेच वाफेत बदलून बुडबुडे होतात आणि जास्त दाबाच्या भागात येताच ते फुटतात. पाते वरच्या स्थितीत असते तेव्हा ते पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे तेथे पाण्याचा दाब मुळातच कमी असतो, आणि होडीच्या आडोशामुळे पाणीही मंद असते. बुडबुडे प्रथम तेथेच होतात, नेमके तळाखाली. एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. बुडबुडे नसतील तर पात्याचा दाब अंतरानुसार झपाट्याने कमी होतो, म्हणून थोडे अंतर वाढवले तरी मोठा फरक पडतो. बुडबुडे होत असतील तर त्यांच्या फुगण्या-फुटण्याचा दाब सावकाश कमी होतो आणि नुसते अंतर वाढवून पुरेसा गुण येत नाही. पात्यावरचा भारच उतरवावा लागतो.

जाळे ओढताना होडीचा वेग दोन-तीन नॉट आणि पंख्यावर पूर्ण भार, अशी अवस्था असते. या अवस्थेत अंतर फार कमी असेल तर पात्याचे टोक आणि तळ यांच्यामध्ये पाण्याचा एक भोवरा तयार होतो आणि तो तळाला जाऊन भिडतो. तो सतत टिकत नाही, येतो आणि जातो, म्हणून ठराविक लयीतल्या थरथरीऐवजी मधूनच हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. मोकळे धावताना आवाज नाही, जाळे टाकल्यावर ठोके सुरू, असा प्रकार असेल तर या भोवऱ्याचा संशय घ्यावा.

आधी इतर कारणे बाजूला काढा

प्रत्येक थरथर अंतरामुळेच होते असे मुळीच नाही, आणि पंख्याला हात लावण्यापूर्वी काही तपासण्या पाण्यातच करून घ्याव्यात. गिअर न टाकता इंजिनाचे फेरे वाढवत न्यावेत. थरथर तेव्हाही असेल तर दोष इंजिन, त्याचे रबर किंवा फाउंडेशन यांत आहे. गिअर टाकल्यावरच थरथर येत असेल तर शाफ्टपासून मागे पाहावे. पंख्याभोवती जाळ्याचा तुकडा किंवा नायलॉनची दोरी गुंडाळलेली नाही, याची खात्री करावी. दोरी शाफ्ट आणि बुश यांच्या फटीत शिरली की बुश काही दिवसांत खराब होतो आणि त्याचा अंतराशी काही संबंध नसतो.

त्यानंतर थरथरीची गती ओळखावी. सारे निदान त्यावर उभे राहते. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक हेलकावा असेल तर पंख्याचा तोल बिघडलेला आहे, एखादे पाते वाकले आहे किंवा शाफ्ट वाकडा आहे. एका फेऱ्याला जितकी पाती तितके हेलकावे असतील तर अंतर आणि खांबामागचे मंद पाणी यांच्याकडे वळावे. वर दिलेल्या उदाहरणात पहिल्या प्रकारात सेकंदाला 10 आणि दुसऱ्या प्रकारात 30 हेलकावे मिळतील. हा फरक सरावलेल्या तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) पायांनी कळतो, कारण 10 ची थरथर धडधडीसारखी सुटी जाणवते आणि 30 ची सलग गुणगुणीसारखी. आता त्यासाठी मोबाइलही पुरतो: कंपन मोजणारे एखादे साधे ॲप उघडून फोन मागच्या डेकवर, पंख्याच्या बरोबर वर सपाट ठेवावा आणि आलेखातील सर्वांत उंच टोक कोणत्या हर्ट्झवर आहे ते पाहावे. ॲप इंजिनाचे आकडेही दाखवील. म्हणून शाफ्टचे फेरे आधी कागदावर काढून ठेवावेत.

तिसरी तपासणी फेऱ्यांची. मोकळ्या पाण्यात शंभर-शंभर फेऱ्यांनी वेग वाढवत प्रत्येक टप्प्यावर मिनिटभर थांबावे. थरथर एखाद्या अरुंद टप्प्यातच, समजा 1400 ते 1500 च्या दरम्यान, येऊन पुढे ओसरत असेल तर तो अनुनाद आहे, म्हणजे धक्क्यांची गती तळाच्या किंवा शाफ्टच्या नैसर्गिक गतीशी जुळली आहे. असे असल्यास अंतर थोडे कमी असूनही खरा उपाय तो भाग अधिक कणखर करण्यात किंवा पात्यांची संख्या बदलण्यात असतो. थरथर फेऱ्यांबरोबर एकसारखी वाढतच जात असेल आणि ती पात्यांच्या गतीची असेल, तर अंतर मोजायला होडी किनाऱ्यावर ओढली जाण्याची वाट पाहावी.

होडी ओढल्यावर काय पाहावे

आपल्याकडे हे काम 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात, होडी किनाऱ्यावर असताना होते, आणि तळ घासून रंग लावण्याची घाई असते. माझी कळकळीची विनंती आहे की तळ घासण्यापूर्वी पंख्याच्या वरचा भाग नीट पाहावा, कारण घासल्यावर पुरावा जातो. अंतर अपुरे असलेल्या होडीत पात्यांच्या बरोबर वर, टोकांच्या फिरण्याच्या पट्ट्यात, रंग उडालेला असतो. आजूबाजूला शेवाळ आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात आणि या कमानीसारख्या पट्ट्यात मात्र लाकूड स्वच्छ धुतल्यासारखे दिसते. बोट फिरवले तर लाकडाचे मऊ तंतू निघून गेलेले आणि कठीण रेषा उठून आलेल्या जाणवतात. जवळचा सांधा टोकदार पट्टीने हळूच तपासला तर लांबी भुसभुशीत लागते. फायबरच्या होडीत त्या पट्ट्यावर नाण्याने टकटक करत जावे. भरीव आवाज येता येता एके ठिकाणी तो पोकळ झाला तर तेथे थर सुटलेले आहेत. पात्यांवरही पाहावे: टोकाजवळ, ओढणाऱ्या अंगावर, लहान लहान खड्ड्यांचा खरखरीत डाग असेल तर कॅव्हिटेशन झालेले आहे.

आता मोजणी. पंखा आणि तळ स्वच्छ करून एक पाते बरोबर वर आणावे आणि टोक ते तळ यांमधील सर्वांत कमी अंतर लाकडी पाचरींनी किंवा कॅलिपरने मोजावे. मग पंखा फिरवून प्रत्येक पाते त्याच जागी आणावे आणि तेच मोजावे. पात्यापात्यांत काही मिलिमीटरचा फरक आला तर एखादे पाते वाकलेले किंवा झिजलेले आहे आणि ते आधी दुरुस्त करायला हवे. त्यानंतर शाफ्टच्या केंद्रापासून त्रिज्येच्या 70 टक्क्यांवर पात्यावर खडूने खूण करावी आणि तेथून शाफ्टच्या दिशेने पुढे स्टर्नपोस्टपर्यंतचे, तसेच मागे सुकाणूपर्यंतचे अंतर घ्यावे. शेवटी खालचे टोक आणि सुकाणूचा आधार असलेली खालची पट्टी यांमधील फट मोजावी.

येथे एक फसवी गोष्ट आहे. बुश झिजला असेल तर शाफ्ट खाली बसतो, त्यामुळे वरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि खालचे कमी मोजले जाते. म्हणून पंख्याच्या बोंडाखाली (पाती जोडलेल्या मधल्या भागाखाली) लाकूड घालून शाफ्ट हळूच वर उचलावा, किती खेळ आहे ते पाहावे आणि नव्या बुशावर शाफ्ट जेथे बसेल त्या स्थितीतील अंतर हिशेबात धरावे.

किती अंतर असावे

अंतर नेहमी पंख्याच्या व्यासाच्या टक्क्यांत सांगितले जाते, कारण दोन इंच जागा लहान पंख्याला भरपूर आणि मोठ्याला अगदी तुटपुंजी ठरते. संथ फिरणाऱ्या कमी शक्तीच्या होड्यांना टोकापाशी व्यासाच्या 8 ते 10 टक्के अंतर चालून जाते. शाफ्टचे फेरे हजारापर्यंत आणि शक्ती बेताची असेल तर 10 ते 15 टक्के, आणि त्याहून वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला किमान 15 टक्के, वेगवान स्पीडबोटींना 20 टक्क्यांपर्यंत अंतर ठेवण्याची पद्धत आहे. मोठ्या जहाजांसाठी नॉर्वेच्या डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेच्या मार्गदर्शक सूत्रात अंतर पात्यांच्या संख्येशी जोडलेले होते: एकच पंखा असलेल्या जहाजाला चार पात्यांसाठी त्रिज्येच्या 0.40 पट, म्हणजे व्यासाच्या 20 टक्के, तीन पात्यांसाठी 21 टक्के, आणि जुळे पंखे असलेल्या जहाजाला चार पात्यांसाठी 26 टक्के. खांबापासूनचे अंतर चार पात्यांसाठी सुमारे 27 टक्के, सुकाणूपासून 10 टक्के आणि खालच्या पट्टीपासून 3.5 टक्के असे त्यात येत होते. मासेमारीच्या लहान होडीला जहाजाचा मापदंड जसाच्या तसा लावता येत नाही, परंतु चारही अंतरांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे: सर्वांत जास्त जागा पुढच्या बाजूला, त्यानंतर वर, मागे त्याहून कमी आणि खाली थोडीशी. आपल्याकडील ट्रॉलरांत पुष्कळदा हे उलटे आढळते. शाफ्टची लांबी वाचवण्यासाठी पंखा खांबाला खेटून बसवलेला असतो आणि सुकाणूसमोर विनाकारण जागा पडून असते.

ट्रॉलरच्या मालकाला मी सांगेन की वर 15 टक्के गाठण्याचा प्रयत्न करावा, 12 टक्क्यांवर समाधान मानता येईल, आणि 10 टक्क्यांच्या खाली त्रास होणारच असे धरून चालावे. यात एकच अपवाद आहे. पंखा नळीसारख्या नोझलमध्ये बसवलेला असेल तर टोक आणि नोझल यांमधील फट मुद्दाम अत्यल्प, व्यासाच्या अर्धा ते एक टक्का, ठेवतात, कारण तेथे नोझलच पंख्याच्या कामात भागीदार असते आणि फट वाढली की ओढण्याची ताकद घटते. नोझलचे माप उघड्या पंख्याला आणि उघड्या पंख्याचे नोझलला लावू नये.

एक हिशेब

समजा शाफ्टच्या केंद्रापासून तळापर्यंत 517 मिलिमीटर जागा आहे आणि 36 इंची, म्हणजे 914 मिलिमीटर व्यासाचा तीन पात्यांचा पंखा बसवलेला आहे. त्रिज्या 457, म्हणून वरचे अंतर 60 मिलिमीटर, म्हणजे साडेसहा टक्के. येथे 15 टक्के अंतर हवे असेल तर व्यास सुमारे 795 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 31 इंच येतो. आहे तोच पंखा कापून एवढा लहान करणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण पंखा जी शक्ती पाण्यात उतरवतो ती फेरे तेच असताना व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. व्यास 5 टक्क्यांनी कमी केला तरी शक्ती सुमारे 23 टक्क्यांनी घटते. 36 चा 31 केला तर ती निम्म्याहून खाली जाते. इंजिन मोकळे फिरेल, जाळे ओढले जाणार नाही.

पिच म्हणजे पात्यांच्या तिरपेपणानुसार पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते माप. व्यासातील एक इंच म्हणजे पिचमधील सुमारे दोन इंच, असा एक ढोबळ आडाखा वापरात आहे. त्यानुसार 36 गुणिले 24 चा (इंचांत व्यास गुणिले पिच) पंखा 33 गुणिले 30 चा करता येईल. अंतर 98 मिलिमीटर, म्हणजे 11.7 टक्के होईल. मोकळे धावताना तो बरा वाटेल, पण ट्रॉलिंगच्या संथ वेगात लहान व्यासाचा आणि जास्त पिचचा पंखा ओढायला कमी पडतो, हे मान्य करूनच हा मार्ग घ्यावा. चार पात्यांचा पंखा घेतला तर तेवढीच शक्ती सुमारे 6 टक्के कमी व्यासात उतरवता येते. म्हणजे 36 च्या जागी 34 इंच, पिच जवळपास तेच, आणि अंतर 85 मिलिमीटर, सुमारे 10 टक्के. ओढण्याची ताकद फारशी जात नाही, प्रत्येक पात्यावरचा भार कमी होतो आणि कॅव्हिटेशनही घटते. ट्रॉलरसाठी मला हा मार्ग अधिक पसंत आहे.

मात्र चार पात्यांचा पंखा जाड, चौकोनी खांबामागे तसाच बसवू नये. पाती सम संख्येत असली की वरचे आणि खालचे पाते एकाच क्षणी खांबाच्या आडोशाला येतात, दोघांवरचा भार एकदम वाढतो, आणि पुढे ढकलण्याच्या जोरात झटके येतात. तीन पात्यांत एका वेळी एकच पाते तेथे असते, झटके कमी असतात, पण शाफ्ट वाकवण्याचा जोर अधिक असतो. म्हणून आधी खांब निमुळता करावा आणि मगच चार पाती आणावीत.

दुरुस्तीचा क्रम

खांब निमुळता करणे हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. स्टर्नपोस्टची मागची कड चौकोनी असेल तर स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट ज्यातून बाहेर येतो त्या नळीच्या) वर आणि खाली दोन्ही बाजूंनी ती तासून पाचरीसारखी करावी, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनी वाहत येऊन खांबामागे मिळते आणि आडोसा कमी होतो. ट्यूबभोवती, बोल्टांच्या जागी आणि सुकाणूचा भार जेथे येतो तेथे लाकूड काढू नये. हे काम होडी बांधणाऱ्या जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावे. लाकूड काढण्याजोगी जाडी नसेल तर खांबाच्या पुढील भागावर दोन्ही बाजूंनी भर घालूनही प्रवाह वळवता येतो.

सुकाणूसमोर जागा असेल तर शाफ्ट थोडा लांब करून पंखा मागे नेता येतो. त्याला एक मर्यादा आहे: बुशाचे टोक आणि पंख्याचे बोंड यांमधील अंतर साधारणपणे शाफ्टच्या व्यासाहून जास्त नसावे, नाहीतर पंखा लोंबकळतो आणि ज्या बुशाला वाचवायचे त्याच्यावरच भार वाढतो. बरेच मागे न्यायचे असेल तर बुशाचे घर आणि ट्यूबही मागे वाढवावी लागते. ते खर्चिक आहे, पण खांबाला खेटलेल्या पंख्याच्या बाबतीत त्याचे फळ मिळते.

टोके थोडी कमी करून पाहायची असतील तर सर्व पाती एकसारखी कापावीत, कापलेली कड पुन्हा पातळ आणि गोलाईदार करावी आणि पंखा तोलून घ्यावा. जाड कडेचे कापलेले पाते गुणगुणते आणि लवकर खड्डे धरते. हा उपाय एखाद्या टक्क्याच्या गरजेपुरताच ठीक आहे.

जाळे ओढताना अधूनमधून ठोके पडत असतील तर पंख्याच्या बरोबर वर, तळाला, पुढून मागे जाणारी एक उभी पट्टी बसवल्याने टोक आणि तळ यांमधील भोवरा तुटतो. हा उपाय मोठ्या जहाजांवरही वापरला गेला आहे. पट्टी तळाशी भक्कम जोडलेली आणि पात्याच्या टोकापासून पुरेशी वर राहील इतकीच असावी. मूळ अंतर फारच कमी असेल तर तिला जागाच उरत नाही.

एक काम मात्र कोणी सुचवले तरी करू नये. काही ठिकाणी अंतर वाढवण्यासाठी पंख्यावरच्या फळ्या आतून तशाच ठेवून बाहेरून कोरून काढतात. ज्या फळीवर दर सेकंदाला तीस धक्के बसत आहेत तीच पातळ केल्याने ती अधिक हलते, खिळ्यांना पकड उरत नाही, आणि एखाद्या रात्री भर समुद्रात सांधा उघडतो. अंतर मिळवण्यासाठी पंखा बदलावा. तळाची जाडी जितकी आहे तितकी राहू द्यावी, उलट आतून आडवा आधार देऊन ती जागा कणखर करावी. फायबरच्या होडीत सुटलेले थर काढून, वाळवून, नवे थर चढवल्याशिवाय वरून नुसता रंग देऊ नये.

नवी होडी बांधून घेणाऱ्याने इंजिन, गिअर आणि पंख्याचा व्यास आधी ठरवावा, त्यावर वरचे आणि पुढचे अंतर मिळवून शाफ्टची रेषा आखावी आणि मगच मागच्या भागाचा आकार सुताराला द्यावा. पुढे कधी मोठे इंजिन येईल असे मनात असेल तर ती जागा आजच सोडावी, कारण नंतर ती मिळवणे किती अवघड आहे हे वरच्या हिशेबात दिसलेच आहे.

पाण्यात उतरल्यानंतर

नवा बुश आणि नवा पंखा बसवल्यावर कपलिंगची (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांची) जुळणी जमिनीवर अंतिम समजू नये. होडी पाण्यात तिचा आकार किंचित बदलते, लाकडी होडी तर फुगते. म्हणून ती तरंगू लागल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा, मग कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन्ही तोंडांमधील फट चारही बाजूंनी फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पत्र्यांनी) पाहावी. कपलिंगच्या व्यासाच्या एक हजारांशाहून जास्त फरक नसावा, म्हणजे 150 मिलिमीटरच्या कपलिंगला 0.15 मिलिमीटर. हे जुळले नसेल तर अंतर कितीही चांगले ठेवले तरी बुश झिजेल आणि दोष पुन्हा पंख्यावर येईल.

त्यानंतर दुरुस्तीपूर्वी ज्या फेऱ्यांवर, ज्या जागी आणि ज्या भाराने थरथर मोजली होती, नेमकी तशीच पुन्हा मोजावी, एकदा मोकळे धावताना आणि एकदा जाळे टाकून. इंजिन पूर्ण उघडल्यावर ठरलेले कमाल फेरे गाठते की नाही ते पाहावे. गाठत नसेल तर पिच जास्त झाले आहे, सहज ओलांडत असेल तर कमी पडले आहे. ग्लँडची गळती, बुशातील खेळ आणि वरचे अंतर हे तीन आकडे तारखेसह केबिनमध्ये लिहून ठेवावेत आणि पुढच्या बंदीत होडी वर आली की तळ घासण्यापूर्वी त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावेत. हंगामभरात बुशाचा खेळ फारसा वाढलेला नसेल आणि पात्यांच्या वरचा रंग जागेवर असेल, तर अंतर पुरेसे झाले आहे.